मंडळाच्या गणपतीत मतदार नोंदणीचं टेबल लावावं का? (ओहायो, गर्भपाताचा कायदा आणि आपण)

स्वरदा_कोलंबस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहिते. थोडं लांबेल.

मी ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिन नावाच्या उपनगरात राहते. गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाला विचारलं, गणपतीत एका कोपऱ्यात मतदार नोंदणीचं टेबल लावू का? पक्षाचं नाव नाही, उमेदवाराचं नाव नाही, फक्त नोंदणीचे फॉर्म. उत्तर आलं, "नको. तू २०२३ मध्ये त्या गर्भपाताच्या सह्या गोळा करत होतीस, लोकांना ते आठवतं. मंडळात वाद नकोत." भाषा सौम्य होती, पण मला लागलं.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ ला १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न एकेका राज्याकडे गेला. ओहायोत २०१९ मध्ये केलेला एक कायदा कोर्टात अडकला होता, तो त्याच दिवशी लागू झाला. गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसली की गर्भपात बंद. ती साधारण सहाव्या आठवड्यात दिसते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. बलात्कारालाही अपवाद नव्हता. त्याच उन्हाळ्यात ओहायोतल्या दहा वर्षांच्या एका मुलीला शेजारच्या इंडियाना राज्यात न्यावं लागलं. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. ती बातमी वाचून मी तिच्या खोलीच्या दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. सप्टेंबरात सिनसिनाटीच्या न्यायाधीशांनी कायद्याला स्थगिती दिली, पण स्थगिती आज आहे, उद्या उठते.

२०२३ च्या वसंतात गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती करून घेण्यासाठी सह्यांची मोहीम निघाली आणि मी क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. निर्णय त्या बाईचा असावा हे माझं ठाम मत आहे, ते लपवत नाही. माझी एक मावशी होती, मी तिला पाहिलेलं नाही. १९६९ मध्ये कराडजवळच्या गावात कुणी सुईणीने काडी घातली आणि चार दिवसांत ती गेली. आई याबद्दल आयुष्यात एकदाच बोलली, तेही भाजी निवडता निवडता, मान खाली घालून. भारतातला कायदा १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. तीन वर्षांचं अंतर.

तर माझे प्रश्न दोन. एक, मंडळाने अशा नागरी कामाला जागा द्यावी की नाही? दुसरा, तुम्ही जिथे राहता तिथल्या स्थानिक कारभारात भाग घेता का? घेत नसाल तर कशामुळे अडतं?

मनमोकळा

वाचतोय. जागा धरून ठेवतो.

पंचगंगा७२

स्वरदाताई, मावशीचं वाचून पुढे वाचवेना. नंतर सविस्तर लिहितो.

विनायक_क्लीव्हलँड

स्वरदा, मीही ओहायोतच. आपण एकदा अधिवेशनात भेटलो आहोत. २०२३ च्या नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा मी तुझ्या दुरुस्तीच्या विरोधात मत दिलं, हे आधीच सांगतो.

माझी मुलगी सव्विसाव्या आठवड्यात जन्मली. ८१ दिवस काचेच्या पेटीत होती. माझ्या अंगठीएवढा तिचा दंड. त्या पेटीशेजारी रात्र रात्र बसलो, तेव्हापासून "गर्भ" हा शब्द मला वेगळा ऐकू येतो. दुरुस्तीत गर्भ बाहेर जगू शकतो त्या टप्प्यानंतर राज्य बंदी घालू शकेल अशी तरतूद होती, हे मला माहीत आहे. पण आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका आहे की नाही हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं, आणि "प्रकृती" या शब्दात काय काय बसवतील याची मला भीती होती. आजही आहे.

मात्र ऑगस्ट २०२३ च्या मतदानात मी तुझ्याच बाजूला होतो. घटनादुरुस्तीला ५० ऐवजी ६० टक्के मतं लागावीत असा ठराव होता ना, तो. खेळ रंगल्यावर नियम बदलायचे हे मला पटलं नाही.

मंडळाचं म्हणशील तर मी कार्यकारिणीच्या जागी असतो तर कदाचित मीही नको म्हणालो असतो. गणपतीला येणारा माणूस घटकाभर घर सापडल्यासारखं वाटावं म्हणून येतो. तिथेही त्याला कुणी गाठू नये.

दवबिंदू

विनायकदादा, तुमच्या मुलीला आशीर्वाद. आता कशी आहे?

विनायक_क्लीव्हलँड

उत्तम. फुटबॉल खेळते आणि माझं काही ऐकत नाही.

लिफीकाठ

स्वरदाताई, "डब्लिन" वाचून मी तुम्हाला शेजारीण समजून बसले होते! मी खऱ्या डब्लिनची, आयर्लंडमधली. चहाला बोलावणार होते, आता विमानाचं तिकीट पाठवावं लागेल.

पण या विषयावर मला बोलायलाच हवं. सविता हलप्पनवार आठवते ना? बेळगावची मुलगी, दंतवैद्य, ३१ वर्षांची. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून तो केला नाही. २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. मी तेव्हा इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि मला स्वतःला तिसरा महिना होता. दवाखान्यात जाताना पाय कापायचे.

इथे १९८३ पासून घटनेतच आठवी दुरुस्ती होती, आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान मानणारी. ती २५ मे २०१८ च्या सार्वमताने गेली, ६६.४ टक्क्यांनी. त्याआधी काय झालं ते या धाग्यासाठी महत्त्वाचं. सरकारने ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवली, कुणालाही निवडून न आणता, लोकसंख्येतून सोडतीसारखी नावं काढून. ती माणसं शनिवार-रविवारी जमायची, डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, सगळ्यांचं ऐकायची आणि आपसात बोलायची. माझ्या ऑफिसातले आयरिश सहकारी म्हणायचे, हे वेळकाढूपणा आहे. पण त्या सभेने शिफारस केली आणि सार्वमत झालं. मतदानाच्या दिवशी शहरातल्या एका भिंतीवर सविताचं चित्र होतं. लोक मत देऊन तिथे यायचे आणि चिठ्ठ्या चिकटवायचे. मला मत नव्हतं, नागरिकत्व नव्हतं. मी एक चिठ्ठी मराठीत लिहून लावली.

मनमोकळा

काय लिहिलंत?

लिफीकाठ

ते माझ्याजवळच राहू दे.

कात्रजचा_घाट

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. तुम्ही तिकडचं राजकारण तिकडे करा, पण मराठी मंचावर याचा काय उपयोग? आमच्या महापालिकेत २०२२ पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. ड्रेनेज तुंबलं तर कुणाकडे जायचं कळेना. नागरी सहभाग म्हणजे काय ते आम्हाला विचारा. आणि भारतात गर्भपात कायदेशीर आहेच. हा प्रश्न आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी मिटला.

कृष्णाकाठची_सुमन

घाटदादा, मिटला म्हणू नका. मी सांगली जिल्ह्यात आरोग्याचं काम करते, गावोगाव फिरते. आमच्याकडं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, "स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे". ते लिहायचं कारण खरं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली होत्या, बीडला तर ८०७. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला काय सापडलं ते सगळ्या देशानं वाचलं. १९ भ्रूण, ओढ्याकाठी पुरलेले. म्हैसाळ माझ्या घरापासून लांब नाही. त्या आठवड्यात आम्ही कुणाच्या घरी गेलो की बायका दार अर्धंच उघडायच्या.

पण त्या भिंती वाचून वाचून बायकांच्या डोक्यात काय बसलंय माहीत आहे? गर्भपात म्हणजेच गुन्हा. दोन लेकरं झालेली, नवरा ऊसतोडीला गेलेला, साधन फसलेलं, दीड महिन्याची बाई मला विचारते, "ताई, पोलीस येतील का हो?" तिला मुलगा-मुलगी काही कळायचा संबंधच नाही, एवढ्या लवकर कुणालाच कळत नाही. गोळ्या घ्याव्यात तर औषधाच्या दुकानदाराला तपासणीची धास्ती, तो ठेवतच नाही. मग ती कुठंतरी जाते, कुणाकडंतरी, आणि आठ दिवसांनी रक्त थांबत नाही म्हणून आमच्याकडं येते. गेल्या वर्षी अशी एक आली. वाचली. वाचली म्हणून आज लिहू शकते.

डॉ_सीना

सुमनताईंनी लिहिलेलं शब्दन् शब्द खरं आहे. मी नगरला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, काही वर्षं जिल्ह्याच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) सल्लागार समितीवर होतो.

'कात्रजचा घाट' यांच्यासाठी थोडं कायद्याचं. भारतात गर्भपात हा आजही मुळात गुन्हाच आहे. आधी दंडविधानाचं कलम ३१२ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८८. त्यात बाई स्वतःही आरोपी होऊ शकते. १९७१ चा एमटीपी, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा हा त्या गुन्ह्याला दिलेला अपवाद आहे, ठरावीक अटींत डॉक्टरला संरक्षण देणारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं, तेही ठरावीक स्त्रियांसाठी. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांच्या मुभेत अविवाहित स्त्रियांनाही घेतलं. पण "मला नको आहे" एवढं बाईने म्हणणं कायद्याने कधीच पुरेसं मानलेलं नाही. शेवटचा शब्द डॉक्टरचा. ओहायोची दुरुस्ती उलट दिशेने लिहिली आहे, तिथे हक्क व्यक्तीचा आहे आणि तो का अडवला हे राज्याने सिद्ध करायचं. तेव्हा आपण पुढारलेले आणि ते मागासलेले असं सरसकट नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा आणि घरी सांगा. सज्ञान बाई असेल तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. तरी कित्येक दवाखाने मागतात. मीसुद्धा प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मागत असे, कारण माझे वरिष्ठ मागत. एका बाईला मी सहीसाठी परत पाठवलं होतं आणि ती पुन्हा आली नाही. त्याची बोच अजून आहे.

कात्रजचा_घाट

डॉक्टर, नवऱ्याच्या सहीचं खरंच माहीत नव्हतं. "मिटला" हा शब्द मागे घेतो.

पंचगंगा७२

आमच्या कोल्हापुरात २०१० च्या सुमाराला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफीच्या मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले होते, म्हणजे कुठली तपासणी केव्हा झाली याची नोंद राहते. तेव्हा आम्ही खूश होतो. पण सुमनताईंचं वाचून वाटतं, यंत्रावर पहारा बसवणं सोपं, बाईला विश्वास देणं अवघड.

कृष्णाकाठची_सुमन

अगदी. आणि दादा, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्या एका गावात ती कागदावरच व्हायची, शिपाई घरोघरी वही फिरवून सह्या आणायचा. तिथल्या पाच बायकांनी ठरवलं, सही करायची तर सभेत बसूनच. पहिल्या सभेला नऊ जणी होत्या. विषय होता शाळेमागच्या संडासाचा आणि उपकेंद्रात नर्स किती वाजता येते याचा. तिसऱ्या सभेत एकीनं विचारलं, नको असलेल्या दिवसांचं उपकेंद्रात काही होतं का? शब्द उच्चारला नाही तिनं. पण सभेच्या वहीत ते लिहिलं गेलं आणि तालुक्याच्या डॉक्टरना उत्तर द्यावं लागलं. तुमचा क्लिपबोर्ड तशी आमची वही.

स्वरदा_कोलंबस

सुमनताई, तुमची वही वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

निळावंती

स्वरदा, सह्या गोळा करायचं नक्की कसं असतं? इथे मला कुणी तसं भेटलं तर मी मान खाली घालून पुढे जाते. आता जाणार नाही.

स्वरदा_कोलंबस

निळावंती, सांगते. हा माझा आवडता भाग आहे.

ओहायोत घटनादुरुस्ती मतदानाला आणायची तर राज्यपालाच्या गेल्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात. तेव्हा तो आकडा सुमारे ४ लाख १३ हजार होता. शिवाय ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ५-५ टक्के. अर्जाचं एकेक पुस्तक असतं आणि एका पुस्तकात एकाच काउंटीतल्या मतदारांच्या सह्या चालतात. आता आमचं डब्लिन तीन काउंट्यांत पसरलेलं आहे: फ्रँकलिन, डेलावेअर, युनियन. भारतीय किराणा दुकानाबाहेर उभी राहिले की एकाच गाडीतून उतरलेल्या दोघी बहिणींच्या काउंट्या वेगळ्या. त्यामुळे माझ्या हातात तीन क्लिपबोर्ड आणि पहिला प्रश्न कायम एकच, "तुमची काउंटी कोणती?" निम्म्या लोकांना ते माहीतच नसायचं. पंधरा वर्षं तिथे घर असलेल्यांनाही.

सही शाईच्या पेनानेच हवी. प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, पुस्तक दुकानात ठेवून चहाला जाता येत नाही. शेवटी माझ्यासमोर किती सह्या झाल्या तो आकडा मी लिहायचा, आणि तो खऱ्या सह्यांपेक्षा कमी पडला तर अख्खं पुस्तक बाद. पहिल्याच आठवड्यात माझं एक पुस्तक असं जाता जाता वाचलं. ३१ सह्या होत्या, मी ३० लिहायला निघाले होते. त्या रात्री सगळी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर पसरून मी आणि लेकीने तीन-तीनदा मोजली.

पाच जुलैला सात लाखांहून जास्त सह्या राज्याकडे गेल्या, पडताळणीत सुमारे ४ लाख ९५ हजार टिकल्या. माझ्या ४१२ होत्या. लोक काय काय बोलले! एका पंजाबी आजोबांनी सही केली आणि म्हणाले, "बेटी, माझी बायको असती तर तिनेही केली असती." एका बाईंनी मला पापी म्हटलं, मग दोन मिनिटांनी परत येऊन पाण्याची बाटली दिली, कारण ऊन फार होतं. आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणी "ह्यांना विचारून सांगते" म्हणाल्या. दोघी संध्याकाळी परत आल्या, एकट्या.

टँपाची_मालन

तुमच्याकडे ५६.८ टक्क्यांनी दुरुस्ती मंजूर झाली. आमच्या फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये ५७ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि तरी ती पडली, कारण इथे ६० लागतात. मी चार महिने दारोदार फिरले होते. रात्री निकाल लागला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "जास्त मतं पडूनही हरलात?" मला उत्तर देता येईना. विनायकदादांनी त्या ऑगस्टमध्ये जे मत दिलं त्याची किंमत मला विचारा.

विनायक_क्लीव्हलँड

मालनताई, माझ्या बाजूचे बरेच जण माझ्यावर तेव्हा चिडले होते. पण उद्या मलाच एखादी दुरुस्ती आणायची झाली तर?

दवबिंदू

बराच वेळ लिहू की नको करत होते.

मी टेक्सासमधल्या डॅलसची. डिसेंबर २०२२, अठरावा आठवडा. रात्री पाणी गेलं. रुग्णालयात सांगितलं की बाळ वाचणार नाही, पण ठोके आहेत, त्यामुळे काही करता येत नाही. घरी जा, ताप आला तर या. दोन दिवस मी उशाशी थर्मामीटर ठेवून पडून होते. ताप यावा की येऊ नये, काय मागावं देवाजवळ तेच कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नवरा दहा तास गाडी चालवून मला न्यू मेक्सिकोला घेऊन गेला. मैत्रिणीने डब्यात मऊ वरणभात दिला होता, तो तसाच परत आणला. मुलगा होता. आम्ही त्याला नाव दिलं होतं.

आम्ही दोघंही व्हिसावर. ग्रीन कार्डची रांग केव्हा संपेल देव जाणे, मत तर फार लांब. आमच्या मंडळात मी "झालं नाही" एवढंच सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण विनायकदादा, "गणपतीत कुणी गाठू नये" म्हणालात ना, पुढच्या वर्षीच्या गणपतीत मी आरतीला उभी होते आणि मला वाटत होतं, कुणीतरी गाठावं.

मत नसलं तरी विधिमंडळाच्या समितीपुढे बोलता येतं, हे मला उशिरा कळलं. तिथे पासपोर्टचा रंग विचारत नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासने डॉक्टरांसाठी खुलाशाचा कायदा केला, आईच्या जिवाला धोका असेल तर तो दारात येईपर्यंत थांबायची गरज नाही, असा. माझ्यासारख्या किती जणींनी किती वेळा सांगितलं असेल तेव्हा तेवढं झालं. बंदी आहेच.

लिफीकाठ

दवबिंदू, तुला व्यक्तिगत निरोप केलाय.

कृष्णाकाठची_सुमन

बाळा, इथं आली असतीस तर मी तुझ्याजवळ बसले असते.

विनायक_क्लीव्हलँड

दवबिंदू, मी दोनदा उत्तर लिहून पुसलं. माझं मत एका वाक्यात बदलेल असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तुला घरी पाठवलं ते मला मान्य नाही, कुठल्याच अर्थाने नाही. आमच्या मुलीच्या वेळी डॉक्टर क्षणभरही थांबले नव्हते, म्हणून माझी बायको आज आहे.

पंचगंगा७२

स्थानिक कारभाराचा मुद्दा सुटू नये म्हणून लिहितो. ओहायोतल्याच वॉरेन शहरातली ती घटना वाचली होती. सप्टेंबर २०२३, एका बाईचा गर्भ बाविसाव्या आठवड्यात घरातच गेला. ती आधी रुग्णालयात जाऊन आली होती. नंतर तिथल्याच नर्सने पोलिसांना कळवलं आणि तिच्यावर मृतदेहाच्या विटंबनेचा गुन्हा लागला. जानेवारी २०२४ मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला चालवावा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आरोप ठेवायला नकार दिला. दुरुस्ती मंजूर झाली होती, तरी हे चालूच होतं! असा खटला पुढे न्यायचा की नाही हे काउंटीचा सरकारी वकील बघतो आणि तो तिथे निवडून येतो ना, स्वरदाताई?

स्वरदा_कोलंबस

हो. दर चार वर्षांनी. मतपत्रिकेच्या खालच्या अंगाला नाव असतं, तिथवर पोचेपर्यंत लोक कंटाळतात. मला नोंदणीचं टेबल हवंय ते यासाठीच. राष्ट्राध्यक्षाचं सगळ्यांनाच माहीत असतं.

२०२४ ला मी मतदान केंद्रावर काम केलं. पहाटे साडेपाचला हजर, साडेसहाला दारं उघडतात ती संध्याकाळी साडेसातला बंद. माझ्याशेजारी दुसऱ्या पक्षाच्या एक आजी होत्या. दिवसभर आम्ही एकमेकींच्या याद्या तपासल्या आणि दुपारी त्यांनी माझ्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं. आता त्या दर शनिवारी थालीपीठाच्या भाजणीबद्दल फोन करतात.

निळावंती

भाजणीची कृती इथेही टाक.

आबा_गंजपेठ

मी या मंचावर वाचायलाच येतो. वय ८१. आज लिहितो.

१८६३ मध्ये आमच्याच पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी विहीर जवळ करू नये, तिथे येऊन बाळंत व्हावं म्हणून. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत, तो डॉक्टर झाला. मला यात सगळ्यांत मोठी वाटते ती जागा. ते घर पुण्यात होतं, टीका करणाऱ्यांच्या शेजारी. रस्त्यावर त्यांची सगळ्यांशी गाठ पडत असणार. तरी दार उघडं होतं.

स्वरदा बेटा, मंडळाने जागा नाही दिली तर तुझ्या घरचा गणपती आहेच.

स्वरदा_कोलंबस

आबा, नमस्कार करते. डोळे भरून आले.

मनमोकळा

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी न्यू जर्सीत एका मंडळाचा खजिनदार होतो. करमाफी असलेल्या संस्थेला पक्षाची बाजू न घेता मतदार नोंदणी करता येते. उमेदवाराचा प्रचार अजिबात चालत नाही. एखाद्या प्रस्तावाची बाजू मर्यादेत घेता येते, पण ते हिशेबात दाखवावं लागतं. तेव्हा टेबलाला नियमाची अडचण नाही. अडचण टेबलामागे कोण बसतंय याची आहे.

विनायक_क्लीव्हलँड

मग टेबलामागे दोघं बसू.

स्वरदा, दोन दिवस विचार केला. मी तुमच्या कार्यकारिणीला लिहितो की मी त्या दुरुस्तीच्या विरोधात मत दिलेला माणूस आहे आणि या टेबलावर तिच्याशेजारी बसायला तयार आहे. क्लीव्हलँडहून अडीच तासांचा रस्ता आहे, मी येईन. टेबलावर फक्त फॉर्म. कुणी त्या विषयावर विचारलंच तर तू तुझं सांग, मी माझं सांगेन, हळू आवाजात. आणि दवबिंदूने जे लिहिलं त्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवू. कुणाला बसावंसं वाटलं तर.

दवबिंदू

दादा.

स्वरदा_कोलंबस

विनायकदादा, काय लिहू? या. राहायला आमच्याकडेच. गणपतीनंतर दिवस फार उरत नाहीत, निवडणुकीच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते.

कात्रजचा_घाट

टेबल प्रसादाच्या रांगेजवळ लावू नका, लोक घाईत असतात. चपला काढतात तिथे लावा, तिथे सगळेच थांबतात. आमच्या वॉर्डात मी मतदार यादी दुरुस्तीचे अर्ज तसेच भरून घेतले होते, देवळाबाहेर.

स्वरदा_कोलंबस

घाटदादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. चपलांजवळच लावू. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे, काय झालं ते इथेच लिहीन. फॉर्म आणि काळ्या शाईची पेनं मी आणते. विनायकदादा, तुम्ही फक्त वेळेवर निघा, एकाहत्तर नंबरच्या हायवेवर रविवारी सकाळी काम चालू असतं.